खिंडीतलं गाऱ्हाणं

"सगळे मिळून घाट चढूया," असं धाकट्या भावानं मुंबईहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी इतकी हरखले की तीच बातमी आईला दोनदा ऐकवली. आई नुसतं "बरा" म्हणाली आणि चुलीतलं लाकूड उगाचच पुढे ढकलत राहिली.

वाट जुनी. किनाऱ्यावरचं मीठ आणि सुकी मासळी बैलांवर लादून याच वाटेनं घाटावर जायची. हल्ली ट्रेकवाले समुद्रापासून निघून मुक्काम करत करत ती सगळी चालतात, झाडांवर पिवळे बाण रंगवतात. आमच्या वाट्याला त्यातला एका दिवसाचा तुकडा येतो. वैभववाडीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, तिथून खिंडीपर्यंत आणि परत. वडील होते तेव्हा दरवर्षी जायचो.

त्या दिवशी सगळे माझ्याशी फारच गोड. एरवी चहाचा कप न उचलणाऱ्या भावजयीनं माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. भाऊ दर चढाला, "ताई, बस मगे वायच," करत होता. मीही अशी वेडी की पाघळले.

अर्ध्या वाटेवरच्या वळणावरून खाली आमचा डोंगर दिसतो, वडिलांमागे आई, भाऊ आणि माझ्या नावावर आलेला. नवऱ्याचं घर सोडून आले त्या वर्षापासून मी त्या कातळावर माती वाहिली, काजूची कलमं लावली, उन्हाळाभर कळशीनं पाणी घातलं. त्या डोंगरानं मला पुन्हा माणसांत आणलं. भावानं तिथे थांबून मोबाईलवर फोटो काढले, इकडून, तिकडून, खालचा रस्ता दिसेल असे. मला वाटलं, कौतुक चाललंय. "औंदा मोहर बरो इलो हा," मी अभिमानानं सांगितलंसुद्धा.

खिंडीत देव आहे, म्हणजे उघड्यावरचा एक उभा दगड. तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. घरातला कर्ता पुरुष देवाशी बोलतो, बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेवटी गाऱ्हाणं घालणाऱ्यानं नारळ फोडला की त्याचं मागणं देवाला पोचलं. मागे उभं राहणाऱ्यांपैकी शब्द कोणी ऐकत नाही. चाल कानावर पडली की तोंड आपोआप उघडतं.

वडिलांच्या जागी भाऊ उभा राहिला. आवाज थेट त्यांचाच. मला भरून आलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या पायाशी ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांका, गुराढोरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि काजूच्या डोंगराचो जो सौदो ठरलेलो आसा, तो सगळ्यांच्या राजीखुशीन पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. चांगलं मोठ्यानं. आणि मग ते शब्द आत उतरले.

मी वळून पाहिलं. भावजय नारळाकडे बघत होती, आई स्वतःच्या पायांकडे. नवल कोणालाच वाटलं नव्हतं.

"खंयचो सौदो?" मी विचारलं.

"ताई, पार्टी बरी आसा," भाऊ म्हणाला. "आधी सांगितला असता तर तू कधी तयार झाली असतंस? आता देवासमोर तू पण व्हय म्हटलंस मां."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. भावाशी मी भांडले असते, कचेरीची पायरी चढले असते. पण देवासमोर दिलेला शब्द मी फिरवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यासाठीच तर हा सगळा चढ होता.

तरी तो मुंबईचा, त्याचं एकवेळ सोडा. आई मात्र माझ्याबरोबर त्या कलमांखाली बसून बिया गोळा करत आली होती.

"आई, तुका म्हायत होता?"

"बाय गो, झिलाक मी कशी दुखवू?"

लेकाला नाही, पण मला दुखवणं तिला जमलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी भावाला बाजूला सारून दगडासमोर उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, माज्या तोंडातसून फसवून काढलेलो व्हय मी परत घेतंय. माज्या घामाचो डोंगर माज्याकडेच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

आणि सवयीनं थांबले.

मागून काहीच आलं नाही. आईचे ओठ किंचित हलले. मी तिच्याकडे बघत राहिले. एक शब्द, बस, मला दुसरं काही नको होतं.

ती खाली वाकली. दगडापुढचा नारळ उचलून तिनं भावाच्या हातात दिला.

"फोड रे," ती म्हणाली.