नत्थूजी घरी बसले

नाचणगावात कोणाचं काही हरवलं की लोक म्हणायचे, "सांजीले नत्थूजीच्या घरी पाह्य, नत्थूजीसोबतच सापडन." म्हणजे सापडायचं नाव नको. कारण दिवे लागल्यावर नत्थूजी भोयर घरी सापडले, असं त्यांच्या लग्नापासून कोणी पाहिलं नव्हतं.

दिवसभर ते पुलगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्यांचा काटा करायचे. संध्याकाळ झाली की सायकलच्या दांडीला घोंगडं बांधायचे, खिशात मूठभर फुटाणे टाकायचे आणि जिथे गाणं असेल तिथे पसार. भजन, कव्वाली, शाहिरी, खडी गंमत, काही वर्ज्य नाही. देवळीला सायकलनं, आर्वीला एस.टी.नं, आणि अल्लीपूरला जायचं असलं तर स्वारी दुपारीच निघालेली असायची. स्वतःला एक ओळ म्हणता येत नव्हती. आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवतात, असं पुजारीच सांगत फिरे. पण ऐकावं नत्थूजींनी. खंजेरीवाले त्यांच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचे. एकदा शेजारच्या दोन गावांत एकाच रात्री भजनं लागली, तर ह्यांनी मध्येच सायकल हाणली आणि अर्धं अर्धं दोन्हीकडे ऐकलं. मग दोन्ही मंडळांत भांडण, की चांगलं अर्धं कोणाचं ऐकलं!

आर्वीला त्यांनी दुसरं घर केलं आहे, अशीही बातमी गावात काही दिवस खमंग चालली. एक जण मुद्दाम जाऊन पाहून आला आणि तोंड पाडून परतला. बाई नव्हती. पेटी होती, आणि ती वाजवणारा मिशाळ गडी होता. धाकट्या पोरीच्या जन्माच्या वेळी नत्थूजी हिंगणघाटला. पहाटे आले, दारातूनच पोरीचं रडणं ऐकलं आणि म्हणाले, "काळी चारची पट्टी हाय पोरीची." सुईण हातातलं गरम पाणी त्यांच्या अंगावर टाकणार होती, असं म्हणतात.

अनुसयाबाई मात्र नवऱ्याला कधी बोलली नाही. उलट भाकरी बांधून द्यायची, वर "बॅटरी घेऊन जाजा" म्हणायची. एखाद्या संध्याकाळी ते ओट्यावर रेंगाळले तर विचारायची, "आज कोठी नाई का काही?" गावाला तिची दया यायची. कोणी सती म्हणायचे, कोणी भोळी म्हणायचे.

जिनातून नत्थूजी निवृत्त झाले, दोन्ही पोरी सासरी गेल्या, आणि एक्क्याऐंशीच्या मार्गशीर्षात एक गंमत झाली. देवळीच्या भजनाला म्हणून निघालेला हा माणूस वेशीवरून परत आला. गुडघा दुखत होता, हे खरं. भजनं आता भोंग्यावर चालायची आणि कानात दडे बसायचे, हेही खरं. पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यांनाच नीट सांगता आली नसती. वेशीवर उभं असताना त्यांना एकदम वाटलं की आत्ता आपल्या घरी चूल विझत आली असेल, कंदील लागला असेल, आणि आपण आपल्या घरातली संध्याकाळ कधी पाहिलीच नाही.

ती पाहिली आणि त्यांना आवडली. कंदिलाच्या उजेडात अनुसयाबाई वाती वळत बसायची. तिच्या काकणांचा बारीक आवाज, गोठ्यात गाय कान झाडायची तो आवाज, बाकी शांत. जन्मभर सुरांच्या मागे धावलेल्या माणसाला ही शांतता इतकी गोड लागली की आठव्या दिवशी त्यांनी सांगूनच टाकलं, "आता म्या कोठी जात नाई. घरीच बरं वाटते."

अनुसयाबाईनं वर पाहिलं. "हो का," म्हणाली आणि उठून आत गेली.

नत्थूजींना वाटलं होतं, ती हरखेल. ती हरखली नाही. हळूहळू बोलायचीही कमी झाली. आठ वाजले की भिंतीकडे तोंड करून निजायची. जेवण घटलं. नत्थूजींनी पुलगावहून जिलबी आणली, मोठमोठ्या बुवांच्या गोष्टी सांगून पाहिल्या. ती 'हूं' म्हणायची. तीस वर्षांचा राग बाहेर येतोय, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि राग रास्तच असल्यामुळे मान खाली घालून बसून राहिले. मधूनमधून आळीतली एखादी बाई अंगणात डोकावायची. ओट्यावर नत्थूजी दिसले की, "काही नाई, विरजण मांगाले आलती," म्हणायची आणि विरजण न घेताच परत फिरायची. आळीत सगळ्यांचंच दही एकाच वेळी कसं बिघडतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कान तयार होते, डोळे कच्चे.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी पिठाच्या चक्कीवर त्यांना शकुबाई भेटली. शकुबाई शेजारीण. तिच्या तोंडाला अख्खी आळी भ्यायची.

"का जी नत्थूजी, दुनियेतले सारे भजनवाले मेले काय?"

"काऊन व शकुबाई?"

"नाई, दोन साल झाले, तुमची सायकल भितीले टेकून हाय. तुमच्यापायी आमचं बसणं बुडालं न्!"

"कोणतं बसणं?"

शकुबाईनं पिठाचा हात कपाळाला लावला. "अरे बाप्पा! या मानसाले मालूमच नाई! अहो, साऱ्या आळीत सांजीले बिनमाणसाचं घर एकच होतं. तुमचं. माह्या घरी सासरा बाजीवर पडून, यशोदाबाईच्या घरी दोन दोन दीर. बाईनं जराक तोंड उघडलं का हे खाकरले. तुमची सायकल वेशीबाहेर गेली का आम्ही सात-आठ जणी तुमच्या घरी जमो. वाती वळो, तूर निवडो, अन् गाणे म्हणो."

"गाणे?"

"मंग काय रडो? रडाले आपापले घर होते न्! आनंदाबाई गाणं सांगे, आम्ही झेलो. अन् तुमच्या अनुसयेचा गळा! अहो, तिचा आवाज लागला का बाकीच्या जणी वात वळाचं भुलून जाये."

आनंदाबाई म्हणजे आळीच्या टोकाला राहणारी विधवा. विहिरीवरसुद्धा दोन शब्दांच्या वर बोलत नसे. ती गाते? आणि अनुसया गाते? नत्थूजींनी हातातला डबा खाली ठेवला. "तिनं मले कधी सांगतलं नाई."

"कशी सांगन? थेच आमाले बजावे. म्हणे, त्यायच्या कानावर नोका घालू व बाया. थे मोठ्यामोठ्या बुवाचं आयकते, आपलं आयकून हासतीन."

नत्थूजी पिठाचा डबा चक्कीवरच विसरून घरी आले. डबा मग शकुबाईनं आणून दिला, आणि अंगणात ठेवताना पहिल्यांदाच काही बोलली नाही.

अनुसयाबाईला विचारायची त्यांची छाती झाली नाही. तीस वर्षं ज्या बाईच्या संध्याकाळची चौकशी केली नाही, तिला कोणत्या तोंडानं म्हणायचं, की म्हणून दाखव? दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल पुसली, चाकांत हवा भरली आणि दिवेलागणीला म्हणाले, "देवळीले भजन हाय."

"अन् गुडघा?"

"बरा हाय आता."

तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि भाकरी बांधून दिली.

नत्थूजी देवळीला गेले नाहीत. सायकल हातात धरून, लंगडत, पुलगावच्या आपल्या जुन्या जिनात गेले. रात्रीचा चौकीदार रूपराव त्यांच्या ओळखीचा, राहायला नाचणगावातच. तिथे सरकीचे ढीग असायचे. थंडीत सरकी आतून ऊबदार असते. तिच्यात पाय खुपसून ते नऊ-साडेनऊपर्यंत बसले आणि घरी आले. मग हेच सुरू झालं, आठवड्यातून चार-चार दिवस. बसल्या बसल्या मनात घर यायचं. कंदील, गाय, काकणं. आता बाया जमल्या असतील. आता आनंदाबाईनं सुरू केलं असेल. आपण तिथे नाही म्हणूनच ते चाललं आहे, हे त्यांना कळत होतं, आणि म्हणून उठावंसं वाटलं तरी ते उठत नसत. परतल्यावर अनुसयाबाई विचारायची, "कसं झालं भजन?" नत्थूजी न झालेल्या भजनाचं वर्णन करायचे. तिनं काय केलं, हे मात्र विचारायचे नाहीत. आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळलं तर बसणं पुन्हा मोडेल, ही धास्ती.

चौऱ्याऐंशीच्या आषाढात, आखाडीला, आनंदाबाई वारली. नत्थूजी मयतीला गेले, तेरा दिवस संध्याकाळी घरी थांबले, आणि चौदाव्या दिवशी बायांनी परत जमावं म्हणून पुन्हा बाहेर पडले.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी रूपराव बिडी पेटवत म्हणाला, "नत्थूजी, घरदार सोडून इथं सरकीत काऊन बसता?"

नत्थूजींनी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. "आमच्या घरी बाया जमते. म्या असलो का त्यायले मोकळं वाटत नाई."

"तुमच्या घरी?" रूपराव हसला. "अहो, तुमच्या घरी चिटपाखरू नाई जमत. आमची बुढी, शकुबाई, साऱ्याच्या साऱ्या हिरालालच्या घरी टीव्हीपुढं बसते. होळीपासून. शेटाणी सतरंजी टाकून देते. तेथ मानूस असला तरी चालते, कोणाले तोंड उघडाच लागत नाई न्!"

हिरालाल किराणावाला. त्याच्या घरावरचा उंच अँटेना नत्थूजींनी येता-जाता पाहिला होता. पण त्या काड्यांचा आपल्या घराशी काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अन् आमच्या घरचे?"

"वहिनी नाई येत म्हणे तेथ. बुढी बलवाले गेलती दोनदा."

नत्थूजी सरकीतून उठले. सायकल तिथेच राहिली.

घरी आले तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते. दार लोटलेलं होतं. कंदिलापुढे अनुसयाबाई बसली होती. मांडीवर कापूस होता आणि हात स्थिर होते.

"काऊन?" ती दचकली. "भजन नाई झालं?"

"भजन नोहतंच," नत्थूजी उंबऱ्यावर बसले. "सालभर झालं, म्या जिनात जाऊन बसून राह्यलो."

"जिनात? काऊन?"

"तुह्या बाया येतीन म्हून."

तिनं कंदिलाची वात जराशी वर केली. मग म्हणाली, "मले वाटलं, तुमाले घर गोड नाई लागत. दोन साल घरी बसून पाह्यलं, मी बोलत नाई म्हून कंटाळले अन् गेले."

नत्थूजींनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"पयले आल्या साऱ्या," ती सांगू लागली. "होळीपावतर येत होत्या. मंग तिकडं गेल्या. आनंदा तेवढी येये. दोघीच म्हणो. आखाडीत थे बी गेली."

म्हणजे तेव्हापासून ती अशी कापूस घेऊन एकटी बसत होती, आणि दीड मैलावर हे सरकीत पाय खुपसून. नत्थूजींनी डोळे पुसले. "एक म्हण व मले," ते म्हणाले. "म्या हासत नाई."

तिला राग आला नाही, लाजही वाटली नाही. ती फक्त थकल्यासारखी दिसली. "म्हनलं असतं. पन मी झेलणारी हावो. सांगणारी आनंदा होती. थे एक ओळ सांगे, आम्ही साऱ्या मिळून दुसरी झेलो. सांगाची ओळ मले कधी लागलीच नाई. तिच्यापाशीच राह्यली."

"शकुबाईले येत असन."

"शकुबाई बी झेलणारीच. साऱ्याच झेलणाऱ्या. सांगणारी एकच होती."

गावोगावच्या बुवांची भजनं नत्थूजींना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ होती. घरातल्या गाण्याची एक ओळ त्यांच्याजवळ नव्हती, आणि जिच्याजवळ होती तिच्या मयतीला ते चार माणसांत उभे राहून आले होते.

"तुह्या ओळीच म्हण मंग," ते म्हणाले.

"नुसत्या?"

"नुसत्या."

अनुसयाबाईनं मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. घसा बसलेला होता, आवाज बारीक झाला होता, पण सूर जागचा हलला नव्हता.

"मंग येईन व माय, मंग येईन..."

आणि ती थांबली. आनंदाबाईच्या ओळीला जेवढा वेळ लागत असे, तेवढा वेळ थांबली. गुडघ्यावर तिचं बोट ठेका धरून चाललं होतं. कधी येशील म्हणून आनंदाबाई काय विचारायची, सासरचं, माहेरचं, की पलीकडचंच काही, ते नत्थूजींना कळायला मार्ग नव्हता.

बोट थांबलं. "मंग येईन व माय, मंग येईन..." तिनं पुन्हा झेललं, आणि पुन्हा वाट पाहू लागली.