पेठजवळच्या एका बाकड्याला गोल भोक

वैशालीचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत एक फळी घासत होते. वैशाली म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, आता पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षिका. तिची आई घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला सक्त मनाई केली. नाशिकहून नेलेली लोखंडी कमोड खुर्ची त्यांच्या संडासाच्या अरुंद दारातून आत जाईना.

"दोघांनी धरून न्यावं लागतं, त्याची तिला लाज वाटते," वैशाली म्हणाली. "म्हणून पाणीच पीत नाही गं. जेवणही चार घास. घरात सागाचं एक छोटं बाकडं आहे, ते दारातून जातं. त्याला मधे भोक पाडता येईल? इथला सुतार कामाला वलसाडला गेलाय."

"येईल," मी म्हणाले आणि शनिवारी निघाले.

पेठची एसटी नाशिकच्या जुन्या सीबीएस स्थानकावरून सुटते. सकाळची धरा, जागा मिळते. माझी पिशवी उचलून बघत कंडक्टर म्हणाले, "ताई, काय आहे एवढं जड?"

"ड्रिल मशीन."

"माहेरी चाललात का भांडायला?"

शहर मागे पडलं, द्राक्षबागा विरळ झाल्या आणि डोंगर जवळ आले. करंजाळीला गाडी थांबली की नुसता चहा घ्या. माझ्या शेजारच्या बाईंनी तिथे वडे खाल्ले आणि पुढे घाटातल्या वळणांवर पस्तावल्या. पेठहून पाड्यापर्यंत जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर जाऊच नका. भातकापणी होऊन गेलेली, खाचरं पिवळी पडलेली, ऊन अंगाला बरं वाटणारं.

मावशी, म्हणजे वैशालीची आई, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. "जय भीम, बाय. लय लांबून आलीस," म्हणाल्या. मला चहा दिला, स्वतःचा कप मात्र बाजूला सरकवला.

बाकडं पाहिलं आणि माझाच हात अडखळला. वैशालीच्या वडिलांनी ते हौसेनं करून घेतलेलं. आता ते नाहीत. चुकलं तर दुसरं बाकडं नव्हतं.

"काप गं," मावशी म्हणाल्या. "ते असते तर त्यांनीच कापलं असतं."

आधी पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून कापलं आणि तो पुठ्ठा बाकड्यावर ठेवून मावशींना बसवलं. "एवढं मोठं? मी काय आत पडू?" पहिल्यांदाच त्या हसल्या. थोडं लहान केलं. मग बाकड्याखाली कुठे खिळे, कुठे आडव्या पट्ट्या, ते बघून वर्तुळ लाकडावर उतरवलं.

ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले, चष्मा चढवला. हातमोजे मुद्दाम घातले नाहीत. फिरत्या ड्रिलमध्ये ते गुंततात. वैशालीचा धाकटा भाऊ मिलिंद खालून फळीला हात लावून बसला. "मी धरतो ना ताई, क्लॅम्प कशाला?"

"हात काढ. आधी काढ."

त्याने नाराजीनं काढला. बाकडं मी ओट्याच्या जाड फळीला क्लॅम्पांनी आवळलं, मधला भाग खालून मोकळा राहील असं, आणि रेषेच्या आत ड्रिल लावलं. अर्ध्यावर गाठ लागली. मशीननं माझ्या मनगटाला जोरात हिसका दिला आणि पुढच्याच क्षणी ड्रिलचं टोक खालून आरपार बाहेर आलं. मिलिंदचा तळवा जिथे होता, बरोबर तिथे.  तो हाताकडे बघत राहिला. 

त्या भोकातून जिगसॉचं, म्हणजे विजेवरच्या छोट्या करवतीचं, पातं घालून रेषेवरून सावकाश फिरवायला घेतलं. जोर लावायचा नाही, मशीन जाईल तसं जाऊ द्यायचं. अर्धं वर्तुळ झालं आणि वीज गेली.

"झालं!" वैशाली कपाळावर हात मारत म्हणाली. "आता संध्याकाळीच येणार."

मी आधी प्लग काढला. वीज कधीही परत येते आणि तेव्हा बोट पात्याजवळ असू नये. उरलेलं अर्धं वर्तुळ बारीक पात्याच्या हातकरवतीनं आम्ही तिघांनी आळीपाळीनं कापलं. शेवटी मधला तुकडा स्वतःच्या वजनानं कडा फाडून पडू नये म्हणून त्यावर एक पट्टी आडवी ठोकली होती. ती काढली तसा तो अलगद सुटला. मग कानस, मग पॉलिश पेपर. कडेवरून बोट फिरवून मावशींनीच दोनदा परत घासायला लावलं. ऑइल पेंट रात्रभर वाळू दिला. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन आम्ही गप्पा मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बाकडं संडासात भांड्यावर ठेवलं आणि मावशी वॉकर धरून निघाल्या. वैशाली मागे जायला लागली तशी म्हणाल्या, "तू नको येऊ." दार आतून लागलं. आम्ही अंगणात उगाचच इकडेतिकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं दार उघडलं.  मावशी ओसरीवर टेकल्या आणि वैशालीला म्हणाल्या, "चहा टाक. मला पण."

घरी येऊन आठवडा झाला. मनगट अजून थोडं दुखतंय. पेठला पावसाळ्यात पुन्हा जावं, धबधबे बघावेत, असं वाटतंय खरं. पण डोळ्यांसमोर येतं ते आतून लागलेलं दार आणि बाहेर थांबलेले आम्ही. माणसाला एकटं राहता यावं, हीसुद्धा केवढी मोठी सोय असते.

काल मावशींचा फोन आला. बाकडं बरोबर घेऊन पुतणीच्या हळदीला गेल्या होत्या.

"गर्दी होती का?" मी विचारलं.

"लय. दोनदा भात घेतला मी."