भक्तीताईने विमानं वाटली

माझी थोरली बहीण भक्ती गमरे मुंबईत एका विमान कंपनीत आहे. कुठलं विमान कुठल्या मार्गावर लावायचं, हे ठरवणाऱ्या खात्यात. आमचं घर श्रीवर्धनचं. बाबा, म्हणजे धाकू गमरे, एसटीच्या आगारात एकतीस वर्षं मेकॅनिक होते. मी म्हसळ्याला शाळेत शिकवतो, आणि वर्गात ताईचं उदाहरण इतक्यांदा देतो की आता मुलंच माझं वाक्य पुरं करतात.

ताई लहानपणी बाबांचा डबा पोचवायला आगारात जायची ती तिथेच रेंगाळायची. बाबा गाडीखाली, ही बाहेर उकिडवी बसून प्रश्न विचारणार. हे का झिजलं, ते का गळतंय. आई रागवायची, "पोरगी काळी होऊन येते तेलानं." बाबा मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचे.

पुढे ती इंजिनीअर झाली, विमान कंपनीत लागली. तिथे पहिली काही वर्षं कुणी वडिलांबद्दल विचारलं, की ती "ट्रान्सपोर्टमध्ये" एवढंच सांगायची. हे मला तिनेच सांगितलं, तेही फार उशिरा.

गेल्या वर्षीच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिची कंपनी दोन नावांनी विमानं उडवते. 'सुपर्ण' हे महागडं: रुंद खुर्च्या, गरम जेवण, दिल्ली आणि आखातासारखे लांबचे मार्ग. 'पाखरू' हे स्वस्त: खुर्च्या दाटीच्या, चहासुद्धा विकत, आणि जवळच्या शहरांना दिवसभर फेऱ्या. कंपनीत बारा कोरी विमानं यायची होती. ती सगळी सुपर्णला द्यायची आणि सुपर्णची सर्वांत जुनी आठ पाखरूकडे सरकवायची, असं वरून जवळजवळ ठरलेलंच होतं. ताईने फक्त तारखांचा तक्ता करायचा होता.

तक्ता करताना ती अडली. विमानाची चाकं आणि त्यांचे पाय, ज्याला लँडिंग गिअर म्हणतात, ते ठरावीक वेळा जमिनीवर उतरलं की काढून दुरुस्तीला पाठवावंच लागतं. सुपर्णचं विमान दिवसाला तीनदा उतरतं, पाखरूचं सातदा. ती जुनी आठ विमानं पाखरूत गेली, तर त्यांच्या उतरण्याच्या उरलेल्या खेपा भराभर संपणार होत्या. आठही विमानं पुढच्या दिवाळीच्या सुमारास एकदम उभी राहिली असती, आणि दुरुस्ती करणाऱ्या परदेशी कारखान्यांत तर आधीच रांग होती.

ताईने दुसरा तक्ता केला. पाच कोरी विमानं पाखरूला. त्या बदल्यात पाच जुनी सुपर्णमध्येच ठेवायची, आतल्या खुर्च्या, गालिचे, दिवे नवे करून.

तिच्या खात्याच्या प्रमुख श्यामला मॅडमनी तो दोनदा तपासला. म्हणाल्या, "गणित बरोबर आहे. पण मी नाही मांडणार. तुझं आहे, तूच मांड."

बैठकीत सुपर्णचे प्रमुख सलिल सर होते. ते भडकलेच. "तिप्पट भाडं देणाऱ्याला जुनं विमान, आणि स्वस्तवाल्याला कोरं? लोक हसतील आपल्याला."

ताईने आलेख दाखवले, आकडे दाखवले. समोरच्यांचे चेहरे कोरेच. मग तिने हातातलं रिमोट टेबलावर ठेवलं.

"सर, माझे वडील श्रीवर्धनच्या एसटी आगारात मेकॅनिक होते," ती म्हणाली. "मुंबईची गाडी आणि बोर्ली-दिवेआगरची गावफेरी, दोन्ही तितकेच किलोमीटर धावल्या तरी गावफेरीचे ब्रेक लायनर कितीतरी आधी जातात. कारण ती दर थांब्याला थांबते. आपलं पाखरू ही गावफेरी आहे. जिला सगळ्यात जास्त थांबायचंय, तिलाच आपण सगळ्यात थकलेली गाडी देतोय."

कंपनीच्या मुख्य बाई तोवर फोनमध्ये होत्या. त्यांनी मान वर केली. "मग तुमच्या वडिलांच्या आगारात काय करायचे?"

"गावफेरीची गाडी लवकर लवकर तपासायला घ्यायचे, मॅडम. तिच्यावर जास्त लक्ष असायचं, कमी नाही."

"आणि माझे प्रवासी?" सलिल सरांनी विचारलं.

"प्रवासी खुर्ची बघतो, सर. ती नवी करून देऊ. पहिलं विमान तयार झालं की तुम्ही स्वतः बसून बघा. नाही पटलं तर मी तक्ता बदलते."

पाचाऐवजी चार विमानांवर तडजोड झाली. सुपर्णचं पहिलं जुनं विमान नटूनथटून तयार झालं, तेव्हा सलिल सर खरंच येऊन बसले आणि तासाभरात त्यांनी अकरा चुका काढल्या. टेबल डुगडुगतं, एका खिडकीची झापड अर्ध्यात अडकते, शिवण तिरकी आहे. ताईने अकराच्या अकरा दुरुस्त करवून घेतल्या आणि त्यांना पुन्हा बसायला बोलावलं. या खेपेला त्यांनी सही केली.

पाखरूकडे गेलेल्या चार जुन्या विमानांचे गिअर आधीच एकेक करून दुरुस्त होऊन आले, आणि त्या दिवाळीत गिअरसाठी एकही विमान उभं राहिलं नाही. ताई आता त्या खात्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. नवीन विमानांचा विषय निघाला की सलिल सरांचा पहिला फोन तिलाच येतो.

बैठकीच्याच संध्याकाळी तिने घरी फोन केला होता. मी स्पीकर लावला. सगळं ऐकून बाबांनी विचारलं,

"माजं नाव घेतलंस? एवढ्या मोठ्या लोकांत?"

"व्हय बाबा." मग तिने 'ट्रान्सपोर्टमध्ये'ची गोष्टही सांगून टाकली.

"ट्रान्सपोर्टच हाय की ते," बाबा म्हणाले. "खोटं कुठं बोललीस? मला सांग, लायनरचं नीट सांगितलंस न्हवं?"

या जानेवारीत कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना विमानांची शेड बघायला बोलावलं. आई, बाबा आणि मी गेलो; ताई दारावरच वाट बघत होती. बाबांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. दारावरच्या वहीत नाव, गाव आणि व्यवसाय लिहायचा होता. बाबांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, मेकॅनिक. रखवालदाराने ताईकडे बघितलं.

"माझे बाबा," ताई म्हणाली, शेडमधल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात.

आत विनेश नावाचा एक तंत्रज्ञ विमानाचा टायर बदलत होता. बाबा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हवा कुठली भरता? विनेश म्हणाला, नायट्रोजन. बाबा म्हणाले, का? मग दोघं खाली बसले ते बसलेच. ताई घड्याळ बघत होती, पण त्यांना उठवायला गेली नाही. मी आणि आई बाहेर जाऊन वडापाव खाऊन आलो, तरी बाबांचे प्रश्न चालूच होते.