बाबांसाठी घेतलेला जॅक

मी नववीत होते तेव्हा बाबांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते रोजीवर होते. एका डब्याचं चाक अडवणारा लाकडी गुटका लावायचा कोणीतरी विसरलं, डबा वीतभर सरकला, आणि तेवढं पुरलं. बाबा घरी आले ते ऑटोत आडवे, पायाला पांढरं गाठोडं बांधून. ठेकेदारानं पुन्हा बोलावलं नाही. त्यानंतर आमच्या पाऱ्यातल्या, त्या वस्तीतल्या, एका खोलीत सकाळी बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, आणि संध्याकाळी ताजा भात, एवढाच काय तो फरक. आई लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. मी दाराच्या उजेडात बसून शिकले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आता माझी नोकरी नवा रायपुरात आहे. तिकडच्या बसचा भरवसा नाही, म्हणून जुनी छोटी गाडी घेतली. ती दारात उभी राहिली त्या दिवसापासून बाबा तिचे मालक झाले.

"गाडी माह्या हवाली कर. गॅरेजवाले बोल्ट ढिले ठेवतेत," म्हणाले.

एका शनिवारी मी दुपारीच घरी आले, तर गाडीखालून दोन पाय बाहेर. गाडी तिच्यासोबत मिळालेल्या त्या पाना फिरवून उचलायच्या छोट्या जॅकवर, आणि तो जॅक दोन विटांवर. हाक मारली आणि ते दचकून हलले तर? मी पर्स आवाज न करता खाली ठेवली आणि भिंत धरून उभी राहिले. किती वेळ, कोणास ठाऊक. शेवटी बाबा सरपटत बाहेर आले.

"काहून, लवकर सुट्टी झाली?"

"बाबा, तुम्ही विटांवर ठेवली गाडी?"

"मंग काय तुह्या डोक्यावर ठेवू?"

आई दारातून म्हणाली, "मी सांगून थकली. तू शिकलेली आहे, तूच समजाव आता."

समजावणार काय? इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात पाना आला होता. तो काढून घेतला असता तर ते पुन्हा खुर्चीत बसून राहिले असते, दाराकडे पाहत. ते मला बघवलं नसतं, आणि गाडीखालून निघालेले पायही बघवत नव्हते. सायलेन्सर लोंबकळत होता, म्हणजे रविवारी ते पुन्हा खाली शिरणार हे नक्की होतं. मग मी ठरवलं, ते जाणारच असतील तर गाडी कशावर उभी राहील ते मी निवडीन.

शंकर नगरातल्या एका अवजारांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार माझ्या डोक्यावरून बाबांशी बोलू लागला. "बोलिए अंकल, क्या दिखाऊँ?"

"मेरे को नहीं, इसको पूछो," बाबा म्हणाले. "साहब ये है।"

त्यानं दोन ट्रॉली जॅक पुढे ओढले. लांब दांड्याचे, खाली चार छोटी चाकं असलेले. एक दोन टनाचा, एक तीनचा. बाबांनी लगेच तीन टनावर हात ठेवला. जड तेच मजबूत, हे त्यांचं गणित. पण आमच्या गाडीच्या कडेखाली किती जागा आहे ते मी घरून पट्टीनं मोजून आणलं होतं. तीन टनाचा जॅक पूर्ण खाली उतरवला तरी त्यात शिरत नव्हता. दोन टनाचा शिरत होता, आणि आमच्या गाडीला तो भरपूर होता.

"गाड़ी बाहर खड़ी है। उठाकर दिखाइए," मी म्हटलं. "और आधा घंटा वैसे ही रखिए।"

"मॅडम, जॅक ले रहे हो कि दामाद देख रहे हो?"

बाबा खो खो हसले. मला हसू आलं नाही. मी एक काठी गाडीशेजारी उभी धरून तिच्यावर पेननं खूण केली. अर्ध्या तासात गाडी बोटभर खाली बसली होती, आणि जॅकच्या दट्ट्याशी तेल चमकत होतं.

"इतना तो चलता है," दुकानदार म्हणाला.

"नीचे मेरे बाबा रहेंगे। नहीं चलता।"

तो आतून दुसरा नग स्वतः उचलून घेऊन आला. त्याच्यावर गाडी अर्धा तास खुणेवरून हलली नाही. मी तो घेतला, आणि सोबत लोखंडी स्टँडची जोडी. उचलायला जॅक, पेलायला स्टँड, हे स्टँडच्या खोक्यावरच लिहिलं होतं.

रविवारी सकाळी अंगणातल्या सिमेंटवर गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. बाबांनी पुढच्या चाकांना गुटके लावले. मी वाकून तपासले, बरोबर होते. जॅक मागच्या कडेखाली सरकवला आणि मी स्टँड आणायला ओसरीवर गेले. परत येऊन दांडा मारू लागले.

गाडी वीतभर उठली आणि कर्र आवाज आला. जॅकची वरची वाटी गाडीच्या कडेखालून घसरत होती. अख्खी गाडी अर्ध्या वाटीवर टेकलेली. आणि बाबा स्टँड लावायला वाकलेले, डोकं आणि खांदा आत.

"बाबा, बाहेर या."

"थांब, लागूनच राहिला."

"बाबा! निघ बाहेर!"

जन्मात मी बाबांना अरेतुरे केलं नव्हतं. ते तसेच मागे सरकले. दांडा फिरवला की जॅक खाली उतरतो, पण एकदम सैल झाला तर गाडी आदळणार. केसभर फिरवला, थांबले, पुन्हा केसभर. टायर जमिनीला लागला तेव्हाच मी दांडा सोडला. आई दारात तोंडावर पदर धरून उभी होती.

मग मला दिसलं. जॅकच्या त्या चारही छोट्या चाकांना लाकडाचे तुकडे ठोकून बसवलेले.

"हे कोणी लावले?"

"मी," बाबा म्हणाले. "चाक आहे ना त्याले. चाकाले गुटका नसला तं..."

त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. इतके दिवस मला वाटत होतं की घाबरते ती मी एकटीच.

मी विटेच्या तुकड्यानं सिमेंटवर अर्धा गोल काढला. जॅकचा हात सरळ वर जात नाही, असा गोलात उठतो आणि आपल्याकडे येतो. म्हणून जॅकलाच पुढे सरकावं लागतं. त्याला अडवलं की वाटी निसटते. गुटका गाडीच्या चाकाला, जॅकच्या नाही.

"फिरत्या चाकावर वजन ठेवाचं?" बाबा त्या रेघेकडे पाहत म्हणाले. "मन नाही मानत."

"वजन स्टँडवर ठेवायचं बाबा. जॅक फक्त उचलून देतो."

त्यांनी एकेक तुकडा स्वतः काढला. शेवटचा खिशात टाकला.

मी पुन्हा दांडा मारला. जॅक आपोआप इंचभर पुढे गेला, आणि वाटी कडेखाली जागच्या जागी राहिली. एका बाजूला स्टँड लागला, मग दुसऱ्या बाजूला. गाडी त्यांच्यावर उतरवली. बाबांनी खांद्यानं ढकलून पाहिली, मग मी. हलली नाही. बाबा पोतं अंथरून आडवे झाले आणि थांबले.

"जाऊ?" त्यांनी मला विचारलं.

नको म्हणावंसं वाटत होतं. "जा," म्हटलं, आणि खाली बसून त्यांची पोटरी घट्ट धरली.

"सोड ना वं, गुदगुल्या होतेत," आतून आवाज आला.

मी सोडली नाही. सायलेन्सरचं तुटलेलं रबर निघालं, नवं बसलं, आणि बाबा धड बाहेर आले. त्यानंतर आमच्या अंगणात गाडी सहा वेळा उचलली. सहाही वेळा बाबाच खाली गेले, आणि त्यांना खरचटलंसुद्धा नाही.