पेल्यातली पाल

बीच स्टेशनवरून सुटलेली लोकल तांबरमला संपली, म्हणून मी तांबरमला उतरले. दुसरं काही कारण नव्हतं. नवरा एन्नोरला वेल्डिंगच्या कामाला होता. तो एकदा कामाला म्हणून गेला तो फिरकलाच नाही. एकट्या पोरीला खोलीत ठेवणार नाही म्हणून घरमालकाने माझी पेटी रस्त्यावर आणून ठेवली. मी अठरा वर्षांची, मुलगी अंगावर पिणारी, आणि तमिळ म्हणाल तर शून्य.

स्टेशनवरच्या फुलवालीने आम्हाला दोन दिवस बाकावर बसलेलं पाहिलं आणि हाताला धरून बायकांच्या आश्रमात नेऊन सोडलं. तिचं भलं होवो.

तिथल्या वॉर्डनबाई उंच, करड्या, कपाळाला आठी. त्या तमिळमध्ये बरंच बोलल्या. मला काही कळेना. मग त्यांनी बोट मुलीकडे दाखवलं, तिथून पलीकडच्या बालगृहाच्या इमारतीकडे, आणि ते मात्र मला बरोबर कळलं. आयांनी इथे राहून शिवण शिकायचं, मुलं तिकडे, भेट रविवारी. नियमच होता तसा, हे मला पुढे समजलं. मी पोरीला छातीशी आवळून म्हणाले, "हात तर लावून बघा हिला!" मी जातीची भांडखोर. मराठी इथे कुणाला कळणार, अशी माझी समजूत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातली बाई स्टीलचा पेला घेऊन आली आणि तो मुलीच्या तोंडाशी नेत प्रेमाने म्हणाली, "पाल, पाल."

"अगं बाई, पाल!" मी किंचाळले आणि असा फटका मारला की पेला उडाला. दूध सगळं वॉर्डनबाईंच्या साडीवर. मी खाली वाकून पाल शोधतेय, पोर रडतेय, आणि कुणी हलेना.

मग वॉर्डनबाई हसल्या. अशा हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "पाल म्हणजे दूध गं, वेडे," त्या मराठीत म्हणाल्या. "हे लोक दुधास पाल म्हणतात."

त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी, पिढ्यान् पिढ्या तिथलं. त्यांची मराठी जुनी, पोथीतल्यासारखी, आणि हेल सगळा तमिळ. पण मराठीच ती. नवरा गेल्यापासून महिनाभर मुलीशिवाय कुणाशी बोलले नव्हते मी. तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरलं.

वॉर्डनबाई पेला उचलणाऱ्या बाईला तमिळमध्ये काहीतरी बोलल्या आणि मलाही त्याचा अर्थ सांगितला: "हिला बोलावयास ते लेकरू तेवढं आहे. तेही नेलं तर ही मुकी होईल." संध्याकाळी माझ्या खाटेशेजारी साडीची झोळी टांगली गेली.

आश्रम म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मला तिथे पोटभर भात मिळाला. मी मशीनवर बसले की पोर दहाजणींच्या कडेवर फिरायची. मला रात्रभर झोप मिळाली, आणि ती किती मोठी गोष्ट आहे हे बाकावर झोपलेल्यालाच विचारा. कृतज्ञ आहे मी, आणि हे सांगायला मला लाज नाही.

थोडं तमिळ शिकले, शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं, तशी खाट दुसरीला देण्याची वेळ आली. पण खोली कुणी देईना. पहिला प्रश्न, नवरा कुठे? दारं पटापट बंद. पुन्हा बाकावर जायची पाळी येते की काय, असं वाटायला लागलं. शेवटी बाई म्हणाल्या, "चल, मी येते."

त्यांनी मला त्यांच्या लहानपणच्या मैत्रिणीच्या घरी नेलं. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या, आणि मैत्रिणीची एक खोली रिकामी होती. मैत्रिणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ही तुझी कोण?"

"लेक," बाई म्हणाल्या.

"आणि कडेवरची?"

"लेकीची लेक. दोघी एकत्र राहतील."

बाईंचं लग्न कधी झालंच नव्हतं, हे त्या मैत्रिणीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली आणायला आत गेली.