बोलणी चालू, कॉम्प्युटर बंद

आमच्या घरातला कॉम्प्युटर बंद करायला कुणाची गरज लागत नव्हती. तो आपला आपण बंद व्हायचा.

मिरजगावात माझा फ्लेक्स डिझाईनचा धंदा आहे आणि काम घरीच चालतं. एखाद्या उमेदवाराचं डोकं कापून, उजळ करून फेट्यात बसवावं, गिऱ्हाईकानं दारात येऊन हॉर्न वाजवावा आणि नेमका तेव्हाच स्क्रीन काळा! (फाईलमध्ये शिल्लक राहायचा तो नुसता फेटा.)

मी इलाज सुरू केले. रंगाच्या ब्रशनं आतली धूळ झाडली. वायर बदलली. कॉम्प्युटरला टेबलफॅन लावला, तर तो गार आणि आम्ही सगळे घामानं चिंब! शेवटी कर्जतला दुरुस्तीला नेला. तिथं पठ्ठ्या एकदाही बंद पडला नाही.

"ह्याला काय बी झालं न्हाई," दुरुस्तीवाला म्हणाला.

"मग बंद का पडतो?"

"तुमच्याच घरात पडतोय म्हणल्यावर घरातलंच बघा की!"

घरातलं म्हणजे अर्थातच बायको. "शोभा, हे तुझ्या मिक्सरमुळं होतंय," मी निकाल दिला. बिचारी पाट्यावर चटणी वाटू लागली. कॉम्प्युटर बंद पडतच राहिला.

अशात आमच्या पूजाला संगमनेरचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला बंगळुरूला, म्हणून बोलणी व्हिडिओ कॉलवर ठरली. मुलगा पूजाच्या मनात भरला होता.

"बाबा, मोबाईलवरच बोलू," ती काकुळतीला आली.

"फ्लेक्सवाल्याच्या घरी धड कॉम्प्युटर न्हाई, असं म्हणतील ते!" मी कॉलर ताठ केली.

नमस्कार-चमत्कार झाले. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "तर पाहुणे, लग्न कुठं करायचं म्हणता?"

मी तोंड उघडलं आणि स्क्रीन काळा! पुन्हा चालू केला, पुन्हा कॉल लावला.

"हां, तर आम्ही म्हणत होतो, लग्न..."

काळा!

आता त्यांचाच फोन आला. मुलाची आई विचारत होती, "आमचं काही चुकलं का हो? लग्नाचं नाव काढलं की तुम्ही कॉल तोडता!"

पूजाचे डोळे भरले. शोभानं पदर खोचला. "तुमी बोला. मी खाली बसून वायर धरते." आणि ती टेबलाखाली शिरली.

तिसऱ्यांदा कॉल लागला. पाहुण्यांचा आवाज चढला होता. "आता एकदाच इचारतो. पोरगी द्यायची हाय का न्हाई?"

मी घाईघाईनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. एवढ्यात टेबलाखालून किंकाळी आली, "अवो, पाय! पाय मागं घ्या! बटनावर अंगठा बडवताय तुमी!"

मला घाई झाली किंवा धास्ती वाटली की माझा उजवा पाय आपोआप हलतो. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, बटण बरोबर अंगठ्यासमोर. गिऱ्हाईकानं हॉर्न वाजवला, पाय सुरू! पाहुण्यांनी लग्न काढलं, पाय सुरू! (मिक्सरचा काडीचा संबंध नव्हता.)

शोभानं पाय गच्च धरल्यामुळं या खेपेला कॉल चालूच होता आणि सगळं संगमनेरात स्वच्छ ऐकू गेलं. मग पाहुणे असे हसले, की त्यांचा मोबाईलच गदगदा हलू लागला.

"वहिनी, होकार येईस्तोवर पाय सोडू नका!"

मी होकार दिला. पूजा आत पळाली. पाहुण्यांनी एकच अट घातली, "साखरपुड्याला मात्र तुमी मांडी घालून बसायचं."

मी बसलो. कार्यक्रम लांबला आणि दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या, की फोटोच्या वेळी मला उठताच येईना. मेहुण्यानं आणि व्याह्यांनी काखेत हात घालून मला उभं केलं. तो फोटो बघून नातेवाईक अजून हळहळतात, "पोरीवर केवढा जीव हो बापाचा! उभंसुद्धा राहवंना!"

मीही मान खाली घालून डोळे पुसल्यासारखं करतो.