रिकाम्या घराचा आवाज

"चूल पेटवायला काय झालं होतं? हात मोडले होते तुझे?"

"याहा, चुलीचा आवाज येतो. लाकूड तडतडतं."

"मग तडतडू दे की! घर आहे ते."

"मला रिकाम्या घराचा आवाज हवा होता."

"रिकाम्या घराला कसला आलाय आवाज? आणि घेऊन काय करणार होतीस, मोलगीच्या बाजारात विकणार?"

"विकलाच," निशा म्हणाली आणि तिने जीभ चावली.

याहा म्हणजे आई. रेवाबाई सकाळीच मोलगीहून निघून लेकीच्या नंदुरबारातल्या भाड्याच्या खोलीत आली होती आणि पाणीसुद्धा न पिता उभी होती. दोघी घरच्या भिलीत भांडत होत्या. इथे ते मराठीत आणलं आहे.

भांडण पार्वतीबाईवरून होतं. मोलगीच्या वर त्यांचा पाडा. दिवाळीच्या सुमारास तिथली जवळजवळ सगळी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीच्या तोंडावर परततात. मधले महिने शेजारची म्हातारी पार्वतीबाई एकटी मागे राहते, सगळ्यांच्या दारांवर नजर ठेवून. पाड्याची रीत अशी की बंद घर उघडलं की आधी चूल पेटवायची, मग बाकीचं. कौलांतून धूर निघाला की कळतं, माणूस आलं. धूर नसताना आत पावलं वाजली, तर ते माणूस नव्हे.

या हिवाळ्यात रेवाबाईच्या बंद घरात भर दुपारी पावलं वाजली. धूर नव्हता. तेव्हापासून पार्वतीबाई आपलं घर सोडून खाली मोलगीत लेकीकडे जाऊन बसली आहे.

"जावई घासागणिक टोमणा मारतो डोकरीला," रेवाबाई म्हणाली. "मी म्हटलं, चल, होळी आली. तर म्हणते, तुझ्या घरात काहीतरी शिरलंय, मी नाही येत. आणि काल जालमसिंग जीपवाला हसत हसत विचारतो, निशा नीट पोचली होती ना त्या दिवशी? पाड्याच्या वाटेला मीच सोडली तिला!"

"जालमसिंगला जीप चालवायची सोडून सगळं सुचतं."

"त्याला नको बोलू. माझ्याबरोबर चल आणि डोकरीला तोंडावर सांग, मी होते म्हणून."

एवढंच मागणं होतं.

निशा आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढली. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं व्हायचं आणि आईबाप तोवर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढलेले असायचे. मग पार्वतीबाई यायची, तिला पाड्यावर घेऊन जायची. निशा तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणायची. फुईच्या ओट्यावरून आपलं घर समोर दिसायचं, कडीला दोरी बांधलेलं. पोर जाऊन दाराला कान लावायची. आत कोणी बोलत नसे, पण अगदी शांतही नसे. कूड करकरायचा, माळ्यावरचे बांबू उन्हाने सैल व्हायचे, कुठेतरी माती झरायची. फुई ओरडायची, "काय ऐकतेस गं? भाकर गार होतेय!"

कॉलेज झाल्यावर निशा लग्नाच्या मांडवात साउंड लावणाऱ्याकडे कामाला लागली. पुढचं मोबाइलवर बघून शिकली. आता पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी ती भीतीच्या गेमचे आवाज बनवते. सध्याच्या गेममध्ये खेळणाऱ्याला स्वतःचे हात तेवढे दिसतात. डोंगरातलं एक ओसाड घर, आणि त्यात तो एकटा. भूत शेवटपर्यंत दिसत नाही, त्यामुळे सगळा भार आवाजावर. सुकलेलं केळीचं पान फरशीवरून ओढलं की लुगडं घासत गेल्यासारखं वाटतं. ज्वारीचं ताट ओल्या फडक्यात गुंडाळून मोडलं की हाड मोडतं. भिंतींना गाद्या लावून निशा दिवसभर एकटी अशी मोडतोड करत बसते. वीज गेली की गल्ली वैतागते; ही खूश होते, कारण खालच्या घरातला फ्रिज गप्प होतो.

पण घराचं ते जुनं, अगदी शांत नसलेलं गप्पपण गाद्यांच्या खोलीत बनेना. म्हणून ती पाड्यावर गेली होती.

"ऐकव मला," रेवाबाई अचानक म्हणाली. "काय विकलंस ते."

"नको, याहा."

"माझं घर विकलंस ना? ऐकव."

निशाने हेडफोन आईच्या पदरावरून बसवला. रेवाबाई ताठ उभी. थोड्या वेळाने म्हणाली, "हे माझं दार." मग, "माळा."

निशाला पुढचं पाठ होतं. काठीची टकटक जवळ येते. बाहेरून एक म्हातारा आवाज, कित्येक दिवसांत कोणाशी न बोललेला, आनंदाने फाटलेला: "रेवा? अगं रेवा, आलीस का? लवकर आलीस! थांब, भाकर टाकते." उत्तर नाही. "रेवा?" आता हळू. "कोण आहे आत?" आणि दगडांवरून घाईने लांब जाणारी काठी.

हे ऐकून पुण्याहून कंपनीतल्या भाग्येशचा फोन आला होता. "निशा, कमाल! पोरं हेडफोन काढून फेकतायत. बाहेरून कोणी प्रेमाने हाक मारतंय आणि आपल्याला ओ देता येत नाही! कोण आहे ही बाई?" "गावाकडची एक," निशा म्हणाली होती. गेमचा सगळा शेवट आता त्या हाकेवर उभा होता. फुईला खरं सांगायचं, तर हेही सांगावं लागणार होतं.

रेवाबाईने हेडफोन काढला. डोकरी घाबरून पळाली, एवढंच तिने ऐकलं होतं. डोकरी आधी खूश झाली होती, हे तिला आत्ता कळलं.

"तू कुठे होतीस?"

"आत. दारापाशीच."

"तोंड उघडता आलं नाही?"

"मशीन चालू होतं, याहा."

रेवाबाईने हेडफोन गादीवर ठेवला.

"काढते मी तो आवाज," निशा घाईने म्हणाली. "भाग्येशला फोन करते, ते काही का म्हणेनात. फुईला सगळं सांगते, पाया पडते. आत्ता निघू. येऊ ना मी?"

रेवाबाईने पिशवी उचलली, चपला शोधल्या.

"याहा, येऊ ना?"

रेवाबाई जिना उतरून गेली.